आयर्विनची पातळी आणि परसातलं ताम्हण

सांगलीत नदीच्या अंगाला राहणाऱ्यांना जुलै लागला की सकाळी उठल्या उठल्या एकच विचारायचं असतं, आयर्विनला किती? म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं. 40 ला इशारा, 45 ला धोका, आणि त्याच्या वर कुठल्या आकड्याला कुठली गल्ली जाते, कुठल्याला कुणाचा उंबरा, हे इथल्या पोराटोरांनापण माहीत असतं. 2005 ला 53 च्या पुढे गेलं होतं, 2019 ला 57 च्या वर, आणि 2021 ला परत 54-55 च्या घरात. पाणी उतरलं की पंचनामे होतात, घराचे होतात, दुकानाचे होतात, जनावरांचे होतात, ते व्हायलाच पाहिजेत. पण परसातल्या झाडांचा पंचनामा कुणी करत नाही. मला तो कधीपासून लिहायचा होता, कारण आमच्या भागात पुरानंतर काय गेलं आणि काय राहिलं हे बघितलं की पुढं काय लावायचं ते आपोआप कळतं.

सगळ्यात आधी गेली ती पपई. पपईला पाणी दोन दिवस सहन होत नाही, पाणी उतरायच्या आधीच पानं पिवळी पडून मान टाकते. मग शेवगा, बुंधा खालून मऊ पडला आणि उभाच्या उभा कलंडला. कढीपत्ता गेला, गुलाब गेले, कुंपणाकडचा पारिजातक गेला, त्याचं मला फार वाईट वाटलं कारण सासूबाईंच्या पूजेची फुलं त्याचीच असायची. शेजारच्या वाड्यातला सोनचाफा सगळ्यात जुना होता, त्याने तर वाटच बघायला लावली, पाणी उतरल्यावर चांगला हिरवागार दिसत होता आणि दसऱ्यापर्यंत एकेक फांदी करत वाळून गेला. राहिलं काय, तर नारळ, घाटाकडचे करंज, उंबर, जांभूळ, आणि आमच्या परसातलं ताम्हण, म्हणजे जांभळ्या फुलांचं झाड.

हे नशिबाने होत नाही, ह्याला कारण आहे. मातीत जी बारीक बारीक पोकळी असते त्यात हवा असते आणि मुळं त्या हवेवर श्वास घेतात. पूर आला की त्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि पाण्यातून प्राणवायू सरकायचा वेग हवेपेक्षा सुमारे 10 हजार पटींनी कमी, म्हणजे झाड चारी बाजूंनी पाण्यात उभं असूनही मुळं गुदमरतात. मुळं गुदमरली की पाणी ओढायचं काम बंद होतं, म्हणून तर पुरात बुडालेल्या झाडाची पानं पाणी न मिळालेल्या झाडागत सुकलेली दिसतात. त्यात आपली काळी चिकण माती, ती पाणी सोडता सोडत नाही, आणि वरून गाळाचा थर बसला की होता नव्हता तो हवेचा रस्तापण बंद. मग मुळांना बुरशी लागते. सोनचाफ्याचं हेच झालं असणार, मरण खाली आलं आणि वर दिसायला दोन महिने लागले. जी झाडं मुळात नदी-ओढ्याकाठची असतात त्यांनी ह्याच्यावर उपाय काढलेले असतात, कुणाच्या सालीवरची बारीक छिद्रं फुगतात आणि तिथनं हवा आत जाते, कुणाच्या बुंध्याला पाण्याच्या रेषेजवळ नवीन मुळं फुटतात. ताम्हण हे ह्याच जमातीतलं. कोकणात ओढ्याकाठी, खाडीला मिळणाऱ्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे लहान ओढ्यांच्या कडेला ते कुणी न लावता आपसूक वाढतं. मे महिन्यात आंबा घाटातून रत्नागिरीकडं उतरलात तर खाली गेल्यावर ओलाव्याच्या जागा बघत जा, जांभळं काहीतरी पेटलेलं दिसेल, ते ताम्हण.

आमच्याकडं ते आलं 2005 च्या पुरानंतर. त्याआधी त्या जागेवर गुलमोहर होता. गुलमोहराबद्दल मला वाईट बोलायचं नाही, शेजारच्या साताऱ्यात तर 1 मेला गुलमोहर दिन साजरा करतात, चित्रकार रस्त्यावर बसून चित्रं काढतात, कविता होतात, मला ती कल्पना फार म्हणजे फार आवडते, एका झाडासाठी गावानं दिवस काढून ठेवायचा ही साधी गोष्ट नाही. पण मादागास्करहून आलेलं ते झाड, मुळं वरच्यावर पसरणारी, लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात एखादी फांदी दरवर्षी पडायचीच, आणि पुराने माती सैल झाल्यावर आमचा गुलमोहर आडवा झाला तो न्हाणीघराच्या पत्र्यावर. सासऱ्यांनी, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, तिथं परत काही लावायचं ठरवलं तेव्हा घरात सगळ्यांचं म्हणणं की नको आता, जागा मोकळी राहू दे, वाळवण घालायला होईल. अण्णा त्या दिवसांत रोज घाटावर जाऊन नदीकाठी काय काय टिकलंय ते बघून यायचे. मग वनखात्याच्या रोपवाटिकेतून एक हातभर उंचीचं रोप घेऊन आले. म्हणाले, ह्याला पाण्याची सवय आहे. एवढंच. ते जास्त बोलायचे नाहीत.

आता फुलाबद्दल. ताम्हण आपल्या राज्याचं फूल आहे, हे शाळेच्या पुस्तकात असतं, पोरं पाठ करतात, राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा, राज्यफूल ताम्हण किंवा मोठा बोंडारा, आणि पेपर झाला की विसरतात, कारण शंभरातल्या नव्वद पोरांनी ते फूल डोळ्यांनी बघितलेलंच नसतं. मला ह्याचं खरंच दुःख होतं. एप्रिल सरता सरता फांद्यांच्या टोकाला तुरे येतात, उभे, लांबलचक, आणि कळ्या खालून वर उमलत जातात, त्यामुळं एकाच तुऱ्यात खाली फुललेली, मधे टपोरी आणि शेंड्याला अजून हिरवट मिरीएवढी अशा सगळ्या वयाच्या कळ्या असतात. फुलाला पाकळ्या शक्यतो सहा, प्रत्येक पाकळीला खाली बारीक देठ, आणि पाकळी चुरगाळलेली, इस्त्री न केलेल्या मलमलीच्या साडीसारखी. मध्ये पिवळ्या केसरांचा गुच्छ. रंग जांभळा म्हणावा तर गुलाबीकडं झुकतो आणि गुलाबी म्हणावा तर निळसर दिसतो, सकाळी गडद असतो आणि फूल जुनं होईल तसा फिका पडत जातो, म्हणून झाडाकडं लांबनं बघितलं तर एका रंगाच्या चार छटा एकदम दिसतात. काळे मोठे भुंगे सकाळी परागासाठी येतात, त्यांचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येतो. आणि हे सगळं नेमकं 1 मेच्या, महाराष्ट्र दिनाच्या आसपास. त्या दिवशी सांगलीत झेंडावंदन होतं, भाषणं होतात, त्या मैदानाच्या कडेला एक जरी ताम्हण फुललेलं असतं तरी पोरांना राज्यफूल पाठ करावं लागलं नसतं.

अजून एक गोष्ट, ही कळली तेव्हा मी अक्षरशः दोघातिघांना फोन करून सांगितली. आपल्या आटपाडीचं डाळिंब आणि ताम्हण एकाच कुळातले. मेंदीपण त्याच कुळातली, आणि डोंगरात लाल फुलांची धायटी असते तीपण. आधी खरं वाटत नाही, पण डाळिंबाचं फूल हातात घेऊन बघा, ती पाकळी तशीच चुरगाळलेली, कळीतून घडी मोडून बाहेर आल्यागत. म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाला, माणदेशात, पाण्याच्या थेंबाथेंबासाठी झुरणाऱ्या रानात ह्या घरचं एक झाड उभं आहे आणि दुसऱ्या टोकाला पुराच्या पाण्यात दुसरं. मला हे फार मोठं वाटतं.

लावायचं कसं हे मला लोक विचारतात म्हणून जरा सविस्तर सांगते. जागा भर उन्हाची पाहिजे, सावलीत झाड वाढतं पण फुलत नाही. भिंतीपासून दहा-बारा फूट तरी लांब, आणि वर वायर नको, कारण मोकळं सोडलं तर ते तीस-चाळीस फूट सहज जातं. खड्डा दोन-अडीच फुटांचा, त्यात शेणखत, पालापाचोळा, आणि आपल्याकडं काळी माती असेल तर थोडी नदीची पोयटा माती किंवा मुरूम मिसळायचा. पाणी सोसतं म्हणून पाणी लागतच नाही असं नाही, उलट पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी लागतंच, भरपूर लागतं, सांगलीचा एप्रिल 40 डिग्रीला जातो आणि ह्याची पानं मोठी, पातळ नाहीत पण मोठी. बुडाला पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवलं तर निम्मं काम होतं.

ह्या भागात खरी अडचण वेगळीच येते, ती पाण्याची नाही, मातीची. नदीकाठच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं उसाला पाणी दिऊन दिऊन जमिनी क्षारपड झाल्यात, बोअरचं पाणीपण खारट, आणि मातीत चुनखडी. ताम्हणाला जरा आंबटसर माती मानवते. मग काय होतं, नवीन पानं पिवळी येतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. हे लोह न मिळाल्याचं लक्षण. लोह मातीत असतं पण चुनखडीमुळं मुळांना उचलता येत नाही. आमच्या झाडाला लहानपणी हे झालं तेव्हा माझे मामा आले होते, तासगावकडं त्यांची द्राक्षबाग आहे, त्यांनी लांबनंच बघून सांगितलं, "हिराकस घाल की बाळ, पण नुसतं टाकू नको, शेणखतात मुरवून घाल, न्हाईतर ती माती त्येला धरून बसती." हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, त्यातनं लोह मिळतं. द्राक्षवाल्यांना पान वाचता येतं. पुढच्या फुटीला पानं हिरवी आली. तेव्हापासून बोअरचं पाणीपण बंद केलं, पागोळीचं पाणी पिंपात साठवून तेच घालायचो.

छाटणीचं ज्ञानपण मामांचंच, आणि मला त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की त्यांनी द्राक्षाचा नियम ताम्हणाला लावला नाही. द्राक्षाला वर्षातनं दोन छाटण्या, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर जी काडी तयार होते तिच्या डोळ्यात घड आधीच बनलेला असतो, दिसत नाही पण असतो, आणि ऑक्टोबरला किती डोळ्यांवर कात्री मारायची ह्यावर सगळं पीक ठरतं. म्हणजे द्राक्षाचं फळ हे गेल्या हंगामाचं देणं. ताम्हणाचं तसं नाही. मामा झाडाखाली उभे राहून बराच वेळ वर बघत बसले आणि म्हणाले, "हितं काडी पिकायची वाट बघायची न्हाई. ह्येला ह्याच वर्षाच्या फुटीच्या शेंड्यावर तुरा येतोय. पानं गळाली की शेंडं मारायचं, फुटीला जोर येतो." पानं गळतात जानेवारी-फेब्रुवारीत, गळायच्या आधी तांबूस-लालसर होतात, आणि तो पंधरवडा झाड फुलांशिवायच सुंदर दिसतं. तेव्हा, झाड रिकामं असताना, बोटाएवढ्या जाडीच्या फांद्यांचे शेंडे, वाळलेली बोंडं आणि आत एकमेकीला घासणाऱ्या फांद्या काढायच्या. बस. मार्चात फूट येते, एप्रिलात शेंड्याला कळी. मार्चनंतर कात्री लावली की तुम्ही कापता ती फांदी नसते, त्या वर्षीची फुलं असतात. रस्त्याकडेची ताम्हणं पावसाळ्यापूर्वीची कामं म्हणून एप्रिल-मेमध्ये सरसकट छाटलेली दिसतात तेव्हा माझ्या जिवाला फार लागतं, दोन महिने आधी तेच काम केलं तर वायरीपण मोकळ्या राहतील आणि रस्तापण जांभळा होईल.

कीड फारशी नाही. कोवळ्या फुटीवर मावा येतो, पिठ्या ढेकूण येतो, त्याच्या चिकट्यावर काळी बुरशी धरते, तेव्हा पाण्याचा जोरात फवारा आणि निंबोळी अर्क पुरतो. मोठ्या झाडाला तेवढंपण करायची गरज पडत नाही, पक्षी बघून घेतात.

2019 चा ऑगस्ट आला तेव्हा झाड ऐन भरात होतं. आम्ही विश्रामबागला नातेवाईकांकडं होतो, पाणी आठवडाभर तरी हललं नाही, आणि परत आलो तेव्हा परसात घोट्याच्या वर गाळ, त्याचा तो वास, ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. ताम्हणाच्या दुबेळक्यापर्यंत पाण्याची रेष उमटली होती, खालची सगळी पानं मातीनं लिंपलेली. घरातली कामं डोंगराएवढी होती पण मामांनी फोनवर एकच बजावलं होतं की बुंध्याजवळचा गाळ ओला असतानाच काढ. ते महत्त्वाचं आहे म्हणून परत लिहिते. गाळ वाळला की त्याची पाटी तयार होते, मग कुदळ मारावी लागते आणि कुदळीनं मुळं दुखावतात. ओला असताना फावड्यानं अलगद ओढून, झाडाची मूळची जमीन दिसेपर्यंत मोकळं करायचं. पानांवर नळीनं पाणी मारून माती धुवायची, नाहीतर पानं अन्न करू शकत नाहीत. वरची माती काट्यानं दोन-तीन बोटं फक्त हलवायची, खोल नाही. आणि खत अजिबात नाही, नवीन फूट दिसेपर्यंत काही नाही, कारण आधीच अर्धमेल्या मुळांना खत पचत नाही. लोक कळवळ्यानं खतं घालतात आणि झाड जातं. आमच्या झाडाची खालची पानं करपून गळाली, साल एका बाजूला काळी पडली, आणि मग गणपती होऊन गेल्यावर वरच्या फांद्यांना पोपटी फूट दिसली. पुढच्या मे महिन्यात, लॉकडाऊनमध्ये सगळी सांगली घरात बसलेली असताना, ते असं फुललं की गल्लीतले लोक आपापल्या गच्चीवरनं बघत उभे राहायचे. अण्णांनी ते बघितलं. त्यानंतर त्यांनी फार उन्हाळे बघितले नाहीत. 2021 च्या जुलैत परत पाणी आलं, परत तेच केलं, परत फुटलं.

आता जे मनापासून सांगायचंय ते. दोन पुरांनंतर आमच्या भागात एक बदल झाला, लोकांनी अंगणं आणि परसं पेव्हिंग ब्लॉकनं नाहीतर काँक्रीटनं बांधून टाकली. कारण मला समजतं, गाळ काढताना कंबरडी मोडलीत सगळ्यांची, फरशी असली की पाइपनं धुवून मोकळं. ज्यानं चिखलातनं संसार उचललाय त्याला मी काय शिकवणार. पण त्या फरशीखाली माती मेली, जी झाडं पुरानं मारली नव्हती ती बुंध्यापर्यंत ब्लॉक बसवल्यानं पुढच्या उन्हाळ्यात वाळली, आणि एप्रिलात ती फरशी अशी तापते की संध्याकाळी परसात उभं राहवत नाही. नदी आपल्याकडं येणार आहे हे मान्य केलं की दोन रस्ते उरतात, जमीन बंद करायची किंवा जमिनीवर ते लावायचं ज्याला नदी परकी नाही. दुसऱ्या रस्त्याला खर्च कमी आहे. अख्खं परस सोडा म्हणत नाही, चार फूट बाय चार फूट माती मोकळी ठेवा, कडेनं वीट लावा, बाकी करा फरशी. तेवढ्यात ताम्हण येतं. करंज येतो, जांभूळ येतं, जागा मोठी असेल तर कदंब येतो. पण परसाला रंग पाहिजे असेल तर ताम्हणच.

रोपं करणं अवघड नाही. बोंडं डिसेंबर-जानेवारीत काळपट तपकिरी होतात, लाकडागत कडक, आणि सहा फाकी होऊन उकलतात, आत पंख असलेलं हलकं बी. वारा सुटायच्या आत तोडून कागदावर ठेवायची, दोन दिवसांत बी आपोआप खाली पडतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गाळलेल्या मातीत आणि वाळूत वरच्यावर पेरायचं, ओल कायम ठेवायची. सगळं बी उगवत नाही, जे उगवतं तेही एकदम उगवत नाही, महिना-दीड महिना डोकं वर काढत राहतं, म्हणून ट्रे लवकर फेकायचा नाही. दोन पानांवर आलं की पिशवीत, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते जमिनीत लावण्याएवढं होतं. फुलायला मात्र चार-पाच वर्षं धरून चाला.

गल्लीत बऱ्याच जणांनी रोपं नेलीत. एकानं लावलेलं ब्लॉकच्या कामात गेलं, त्यानं परत नेलं. मामांनी तासगावला विहिरीच्या कडेला लावलंय, तिथं माती हलकी आहे आणि पाणी कमी, वाढ हळू आहे पण झाड निरोगी आहे. नणंदेकडं हरिपूरला, जिथली हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे, 2005 च्या पुरात पाण्यात गेली त्या बाजूलाच तिचं घर आहे, तिच्या झाडाला यंदा पहिल्यांदा तुरा आला. तिनं सकाळी सकाळी फोन करून आधी ते सांगितलं आणि मग विचारलं, वहिनी, एक फांदी जायच्या-यायच्या वाटेवर येतीय, आत्ताच काढून टाकू का? म्हटलं, आत्ता राहू दे, सुतळीनं वर बांधून घे, जानेवारीत पानं गळाली की मी येते कात्री घेऊन.